अल्बानियातील धर्मबंदी

श्रद्धा कायद्याने पुसता येते का? साम्यवादी हुकूमशहा एन्व्हर होजाच्या अल्बानियात हा प्रयोग निष्ठुरपणे झाला. १९६७ मध्ये मशिदी आणि चर्चना टाळे लागले. श्कोडर शहरातले कॅथेड्रल क्रीडागृह बनले. एका बाळाला गुपचूप बाप्तिस्मा दिला म्हणून श्टिएफेन कुर्ती या वृद्ध धर्मगुरूला देहान्त शासन झाले. इतकी धास्ती एका ओंजळभर पाण्याची! कोलकात्यात सेवा करणाऱ्या मदर तेरेसांना या राजवटीने प्रवेश नाकारला आणि तिरानातल्या आईची अखेरपर्यंत भेट मिळाली नाही. तरीही नोव्हेंबर १९९० मध्ये श्कोडरच्या दफनभूमीत उघड प्रार्थना झाली, तेव्हा हजारो लोक जमले. श्रद्धा टिकली होती. धर्मशिक्षणाची परंपरा मात्र तुटली होती आणि बंदीत वाढलेल्या अनेकांना साध्या प्रार्थनाही नव्याने शिकाव्या लागल्या.