राणीचा रुपया

आमच्या लक्ष्मीपूजनाच्या तबकात व्हिक्टोरिया राणीचा चांदीचा रुपया असतो. परसवाड्याच्या बाजारात गोंड बायांच्या गळ्यात असल्याच रुपयांच्या माळा पाहत मी वाढलो, तेव्हा त्यात काही वावगे वाटले नाही. पुढे शाळेत हिंदीतून पारतंत्र्याचा इतिहास शिकलो आणि एका दिवाळीत आजीला अडवले : आपल्यावर राज्य करणाऱ्या बाईला हळदकुंकू कशाला? ती म्हणाली, "चांदी होय बाबू, लक्ष्मी होय."

मी ते अज्ञान समजलो. आता तसे ठामपणे म्हणवत नाही.

हा पेच जुना आहे. मिरी आणि मोती यांच्या मोबदल्यात रोमचे सोने आपल्या देशात येई. बिलासपूरकडे चकरबेढ्यालाही तसली नाणी मिळाली आहेत. त्यांवर सम्राटाचे मस्तक असे. ज्या प्रजेने राजा कधी पाहिला नाही, तिच्या हातात त्याची सत्ता अशी पोचे. तमिळ मुलखात पुदुक्कोट्टईला 1898 साली 501 नाणी सापडली. त्यांतल्या बहुतेकांवर राजाच्या चेहऱ्यावरूनच छिन्नीचा घाव आहे! विद्वानांत त्यावर मतभेद आहेत. मला त्यात राग दिसत नाही. हे आता त्याचे नाणे नव्हे, नुसते सोने, एवढेच कोणीतरी सांगितले असावे. नाहीतरी चेहऱ्यावर भरवसा कसला? इ. स. 64 मध्ये नीरोने एका रोमन पौंडात चाळीसऐवजी पंचेचाळीस नाणी पाडली. मूर्ती राजाचीच राहिली, वजन घटले.

तेलंगणातल्या कोंडापूरला मात्र रोमन नाण्यांच्या मातीच्या प्रतिकृती निघाल्या, गळ्यात घालायच्या. आणि आपली पुतळी? व्हेनिसच्या सोन्याच्या नाण्यावर तिथला राज्यप्रमुख संत मार्कपुढे गुडघे टेकून आहे. आपण त्या आकृतींना पुतळ्या म्हटले, पुढे सोनारांनी त्या जागी लक्ष्मी उठवली, आणि पुतळीहार झाला. ह्यात कोणाचे काय बिघडले?

पण एक नाणे मला सुखाने झोपू देत नाही. यहुद्यांचा पाडाव झाल्यावर व्हेस्पाशियनने सोन्यावर विजयचिन्हाखाली बसलेली एक शोकाकुल बंदिवान स्त्री कोरवली. ते कोणी हौसेने गळ्यात घातले, तर तिचे रडणे दागिना होते. न जाणता घातले तर दोष नाही, असे आजी म्हणाली असती. मी मात्र जाणतो. मला ती सूट कशी मिळावी?

गेल्या दिवाळीत रुपया चिंचेने घासायला घेतला. राणीच्या केसांच्या खाचांत आजीचे कुंकू अडकलेले होते. घासायचे थांबलो, आणि तसाच तबकात ठेवला.