घरबसल्या खाण

शिल्लक नसली की माणसाला एकच काळजी असते. शिल्लक पडली की दहा सुरू होतात. त्यातली मोठी म्हणजे ती शिल्लक कुठे ‘टाकावी’ ही. पैसे ‘टाकावे’ हा शब्दप्रयोग ज्याने रूढ केला, तो बहुधा अनुभवी गृहस्थ असावा.

‘मामा, मुदत ठेवी कसल्या करताय? बिटकॉइनची खाण काढा!’ असं माझा भाचा म्हणाला. आमच्या घराण्याचा खाणीशी संबंध आला तो ‘मुलगी गुणांची खाण आहे’ एवढाच, आणि तोही लग्न ठरेपर्यंत. पण ही खाण म्हणजे एक यंत्र. विजेला जोडलं की ते रात्रंदिवस आकडे जुळवत बसतं. जगभरच्या यंत्रांची शर्यत. साधारण दर दहा मिनिटांनी कुणाचा तरी आकडा जुळतो नि त्याला नाणी मिळतात. २००९ साली एका वेळी ५० मिळत. निम्मी होत होत एप्रिल २०२४ पासून ३.१२५ वर आली आहेत. सव्वातीन किलोवॅटचं यंत्र धरलं तर दिवसाला ७८ युनिटं वीज. आमच्याकडे गिझर अर्धा तास चालू राहिला तर चौकशी समिती बसते!

घाम न गाळता मिळालेला पैसा पचत नाही, अशी वडिलांची शिकवण. पण व्याजासाठी तरी मी कुठे घाम गाळतो? पासबुक भरून घ्यायच्या रांगेत गळतो तेवढाच. तेव्हा घामाचा मुद्दा बाद.

मग फरक कुठे? गल्लीत दुसरी पिठाची गिरणी निघाली तर दळण लवकर मिळतं. इथे यंत्रं दुप्पट झाली तरी नाणी तेवढीच; साधारण दोन आठवड्यांनी कोडंच तितकं कठीण होतं. यंत्रांमुळे व्यवहारांच्या वहीत खाडाखोड करता येत नाही हे खरं. पण ती वही माझ्यावाचून अडलेली नाही. शिवाय २०२२ पासून आपल्याकडे अशा नाण्यांच्या नफ्यावर ३० टक्के कर, आणि यंत्राचा खर्च त्यातून वजा होत नाही.

‘जोखीम घेतल्याशिवाय माणूस मोठा होत नाही,’ भाचा म्हणाला. कबूल. पण जोखीम कुणाच्या पैशाची? शिल्लक माझ्या पगारातली खरी. पण ती पगारामुळे पडलेली नाही. ‘यंदा नको, पुढच्या वर्षी बघू’ या वाक्यामुळे पडली. ते वाक्य म्हणालो मी, ऐकलं हिने. हिची पैठणी, मुलांचं महाबळेश्वर, सगळं त्या पासबुकात व्याजासकट पडून आहे. स्वतःच्या ‘नको’वर डाव लावणं हे धाडस; दुसऱ्याच्या ‘नको’वर लावणं याला मराठीत वेगळा शब्द आहे.

म्हणून हिला विचारलं.

‘यंत्र आवाज करतं?’

‘फार.’

‘तापतं?’

‘तापतं.’

‘आणि काय कमावील याचा नेम नाही?’

‘नाही.’

‘मग तसं एक आहे की घरात!’

शिल्लक आहे तिथेच आहे. फक्त एका पैठणीने कमी झाली आहे.