मोजलेले केस



आई देवाघरी गेल्यावर आम्ही भावंडांनी तिची ट्रंक उघडली. लुगडी, जपमाळ, जुने फोटो आणि तळाशी पांढऱ्या फडक्यात गुंडाळलेले गंगावन. विंचरताना निघालेली गुंतवळ ती जपून ठेवी. त्याच केसांचे ते केलेले. सणाला अंबाड्यात घालून ती मिस्साला जाई. "हे आता कशाला ठेवायचे?" असे आम्हीच म्हणालो. पण टाकायला कोणाचा हात धजेना. आईचे केस शेवटी पांढरेशुभ्र झाले होते. हातातले मात्र काळेभोर होते, आमच्या लहानपणीचे.

घाबरलेल्या शिष्यांना धीर देताना प्रभू येशू सांगतात, की स्वर्गीय पित्याने आपल्या डोक्यावरच्या केसांचीही मोजदाद ठेवली आहे (लूक १२:७). आपण जे टाकाऊ समजतो, तेही पित्याच्या हिशेबात असते. ज्याचे मोल असते, तेच मोजले जाते.

हे मोल ओळखण्यात ख्रिस्तसभेचीही चूक झाली आहे. कॅनडात मूळ रहिवाशांच्या सुमारे दीड लाख मुलांना सरकारी धोरणानुसार निवासी शाळांत ठेवण्यात आले. त्यांतील बऱ्याच शाळा कॅथलिक संस्था चालवीत. तेथे आल्याआल्या मुलांच्या वेण्या कापल्या जात, मातृभाषा बोलल्यास शिक्षा होई. त्यांच्या अनेक जमातींत वेणी ही पूर्वजांशी असलेल्या नात्याची खूण. केस कापायचे ते घरात मृत्यू झाला तर. त्या लेकरांच्या मनाचे काय झाले असेल! आणि कात्री चालवणाऱ्यांची समजूत अशी, की आपण मुलांचे भलेच करीत आहोत. २५ जुलै २०२२ रोजी पोप फ्रान्सिस यांनी अल्बर्टा प्रांतात जाऊन त्या लोकांची क्षमा मागितली.

अशी कात्री आपल्याही घरात असते. आजी नातवाशी आपल्या बोलीत बोलू लागली, की "त्याची भाषा बिघडेल" म्हणून आपण तिला गप्प करतो. पाहुणे आले, की तिच्या लुगड्याची आपल्याला लाज वाटते. तिथेही आपण भलेच करीत असतो!

या रविवारी घरी गेल्यावर आजीच्या पाठीशी बसा. तिचे केस विंचरून द्या आणि ती सांगेल ते तिच्याच बोलीत ऐका. आम्हाला ती संधी आता नाही. गंगावन तेवढे पुन्हा फडक्यात बांधून ठेवले आहे.

हे प्रभो, तू जे मोजून ठेवले आहेस, ते आमच्या हातून कापले जाऊ नये. आमेन.

तुमचे धर्मगुरू