झाकण उघडणाऱ्याचे कर्तव्य

पावसात रस्ता खचला किंवा पूल वाहून गेला की आपण ‘नैसर्गिक आपत्ती’ म्हणून निःश्वास सोडतो. पाऊस निसर्गाचा, हे खरे. परंतु रस्ते आणि पूल माणसांनी बांधलेले असतात. मग तेथे गेलेल्या जिवाचे उत्तर कोणी द्यावे?

२ ऑगस्ट २०१६ च्या रात्री महाडनजीक सावित्री नदीच्या पुरात मुंबई-गोवा महामार्गावरील ब्रिटिशकालीन पूल कोसळला. मुंबईकडे येणाऱ्या दोन एस.टी. गाड्या प्रवाशांसह वाहून गेल्या. गिरगाव-लालबागच्या कितीतरी घरांची मुळे कोकणात. ते दुःख आपल्याच चाळींचे होते. पुढच्या पावसाळ्यापूर्वी, जून २०१७ मध्ये, नवा पूल वाहतुकीस खुला झाला. जे काम वर्षाच्या आत होऊ शकते, त्यासाठी आधी माणसे बुडावी लागतात काय?

त्याच वर्षी, २९ ऑगस्टला, मध्य मुंबई जलमय झाली. मोटार सोडून घराकडे पायी निघालेले एक नामवंत डॉक्टर सेनापती बापट मार्गावर उघड्या मॅनहोलमध्ये पडले. दोन दिवसांनी वरळीच्या किनाऱ्याशी त्यांचा देह सापडला. पाणी ओसरावे म्हणून रहिवाशांनी झाकण काढले होते, असे तपासात पुढे आले. हेतू वाईट नव्हता. परंतु हेतू चांगला असला की कर्तव्य संपते काय?

निर्गमाच्या ग्रंथात एक साधा नियम आहे: कोणी खड्डा उघडून तो न झाकता सोडला आणि त्यात बैल किंवा गाढव पडले, तर भरपाई खड्ड्याच्या धन्याने करावी. त्याने खड्डा कोणत्या हेतूने उघडला, हे तेथे विचारलेले नाही. दुसऱ्याच्या वाटेवर आपण निर्माण केलेला धोका आपलाच राहतो, एवढेच सांगितले आहे.

ऑगस्ट २०२० मध्ये त्याच सेनापती बापट मार्गावर, माटुंग्याजवळ, पदपथावर राहणाऱ्या एका फूलविक्रेत्या बाईंनीही मॅनहोल उघडले. मात्र त्या तेथून हलल्या नाहीत. सुमारे सात तास भर पावसात उभ्या राहून त्या वाहनांना सावध करीत राहिल्या. हा नियम त्यांनी आचरणात आणला.

त्यांचे कौतुक सर्वत्र झाले आणि ते योग्यच होते. परंतु कौतुक करून आपण मोकळे होतो, हा धोका आहे. त्या बाई जेथे उभ्या होत्या, तेथे उभे राहण्याचे काम वस्तुतः वेतन घेणाऱ्या यंत्रणेचे होते. एका गरिबाच्या त्यागाने दुसऱ्याची हयगय झाकली जाऊ नये. यंत्रणेला जाब विचारणे हाही शेजारधर्मच आहे.

म्हणून पुढच्या पावसापूर्वी आपल्या गल्लीतील झाकणे पाहून ठेवावीत. एखादे तुटलेले दिसल्यास महापालिकेच्या १९१६ या क्रमांकावर कळवावे, तक्रारीचा क्रमांक घ्यावा आणि काम होईपर्यंत पुन्हा पुन्हा विचारावे. स्वतः झाकण उघडू नये. ते उघडे आढळले तर मदत येईपर्यंत कोणीतरी तेथे थांबावे.