पोच

शाळेत ‘नेहमी खरे बोलावे’ हे वाक्य मी पाटीवर निदान दोनशे वेळा तरी गिरवलं असेल. यंत्रांनी खरं बोलावं की नाही, याबद्दल मात्र गुरुजी काही बोलले नव्हते. त्यांचाही दोष नाही. तेव्हा आमच्या देवळाली कॅम्पात यंत्रं म्हणजे पिठाची गिरणी आणि तोफ. दोघींना आवाज भरपूर, पण खोटं बोलण्याइतकी अक्कल नव्हती.

हा प्रश्न घरात आणला तो भाच्यानं. तो पुण्याला संगणकाच्या कंपनीत आहे. दिवाळीला आला तो लॅपटॉप बगलेत मारूनच. फराळाच्या ताटाशेजारी बसून सारखं काहीतरी बडवत होता. विचारलं, तर म्हणाला, “मामा, पोस्ट ऑफिस बांधतोय.”

“कधी पुरं होईल?”

“झालंच. चाळीस ओळींचं तर आहे.”

शेजारी नाशिकरोडला १९२५ साली सरकारनं सिक्युरिटी प्रेस उभारला, तेव्हा कुठे पोस्टाची तिकिटं आपल्या देशात छापायची कायमची सोय झाली. आणि या पठ्ठ्यानं चकल्या संपायच्या आत अख्खं पोस्टच उभं केलं!

प्रकरण असं होतं. त्याच्या कंपनीनं लोकांना ई-मेल पाठवणारा एक प्रोग्रॅम तयार केला होता. तो नीट चालतो का, हे पाहायचं तर पत्रं पाठवून पाहायला हवीत. पण खऱ्या गिऱ्हाइकांना ‘आपले बिल थकले आहे’ असं गंमत म्हणून कसं कळवणार? म्हणून हे सरावाचं पोस्ट. ई-मेलच्या देवघेवीचे नियम जॉन पोस्टेल या गृहस्थांनी ऑगस्ट १९८२ मध्ये लिहून ठेवले आहेत. (आडनावातच पोस्ट! याला म्हणतात योग.) पाठवणाऱ्यानं आधी ‘हेलो’ म्हणायचं. त्यातलाही एक ‘एल’ कापलेला, कारण हुकूम चार अक्षरांत बसला पाहिजे. मग कोणाकडून, कोणाला, आणि शेवटी मजकूर. मजकूर संपला हे कळावं म्हणून एका ओळीत एकटा पूर्णविराम. आमच्या साहेबांच्या परिपत्रकांना ही सक्ती केली तर बरं होईल. पोस्टानं ठीक वाटलं की ‘२५०’ हा आकडा परत सांगायचा. २५० म्हणजे ‘मान्य’.

भाच्याचं पोस्ट हे सगळं मोठ्या अदबीनं करतं. पत्र घेतं, २५० म्हणतं आणि ते भाच्याला वाचायला एका यादीत लावून ठेवतं. पुढे पाठवायची ओळ त्यानं लिहिलेलीच नाही.

आता यात गोम अशी की, तो शेवटचा २५० म्हणजे नुसतं ‘ऐकलं’ नव्हे. नियमाप्रमाणे त्याचा अर्थ ‘हे पत्र पोचवायची जबाबदारी माझी’ असा होतो. २००८ च्या सुधारित नियमांत तर असं बजावलं आहे की, फालतू कारणासाठी पत्र गहाळ करायचं नाही. आणि यंत्र बंद पडणं हे त्या फालतू कारणांत धरलेलं आहे! हे ऐकून मी उभाच राहिलो. बँकेच्या काउंटरवर ‘सिस्टिम डाऊन आहे’ या एका वाक्यावर आम्ही किती दुपारी काढल्या आहेत!

“म्हणजे तुझं पोस्ट खोटी पोच देतं,” मी म्हणालो.

“पण मामा, फसतंय कोण? पाठवणारा मी, पोस्ट माझं, आणि पत्ते कोणाचेच नाहीत.”

हे खरं होतं. नावाच्या शेवटी ‘टेस्ट’ किंवा ‘इन्व्हॅलिड’ असलेले पत्ते कोणालाही द्यायचे नाहीत, असं १९९९ सालीच ठरलेलं आहे. म्हणजे जिथे कोणी राहायचंच नाही अशी राखून ठेवलेली गावं.

देवळालीच्या माणसाला हे समजायला जड नाही. आमच्याकडे तोफखान्याची शाळा आहे. पाहुणे पहिल्या आवाजाला दचकतात, आम्ही चहा गाळत राहतो. तोफ खरी, गोळा खरा. फक्त तो पडतो तो माळ मोकळा. सगळी नीती त्या मोकळ्या माळात आहे. तरी सराव म्हणजे खेळ नव्हे. ऑक्टोबर २०२४ मध्ये इथेच सरावात गोळा फुटून दोन अग्निवीर गेले. तेव्हापासून आवाज झाला की गाळणं माझ्या हातात क्षणभर तसंच राहतं.

आणि माळ मोकळा नसला तर? १३ जानेवारी २०१८ ला अमेरिकेतल्या हवाई बेटांवर सराव चालू असताना ‘क्षेपणास्त्र येत आहे, आसरा घ्या’ हा संदेश खरोखरच लोकांच्या फोनवर गेला. तो खोटा आहे, हे फोनवर कळायला अडतीस मिनिटं लागली. अडतीस मिनिटांत माणूस कोणाकोणाला माफ करत असेल! २०२१ साली एचबीओ मॅक्सकडून ‘चाचणी ई-मेल क्रमांक १’ असं काहीबाही हजारो गिऱ्हाइकांना गेलं. ते शिकाऊ उमेदवाराकडून झालं म्हणे. लोकांनी बिचाऱ्याला आपापल्या घोडचुका कळवून धीर दिला.

मला भीती आहे ती उलट्या प्रकाराची. एका कचेरीत माझ्या आईच्या नावातली वेलांटी दुरुस्त करायचा अर्ज आहे. तीनदा दिला, तीनदा ‘मिळाले’ असा गोल शिक्का मारून मिळाला. अर्ज खरा, आई खरी, पोस्ट तेवढं भाच्यासारखं. पुढे पाठवायची ओळच कोणी लिहिलेली नाही. आणि भाच्याला निदान ते ठाऊक आहे. इंग्रजांच्या काळी मायदेशी जाणारे गोरे सोल्जर याच कॅम्पात बोटीची वाट बघत पडून राहत. बोटी हिवाळ्यातच सुटायच्या, त्यामुळे चुकीच्या महिन्यात मुदत संपली की महिनोन्‌महिने नुसतं बसायचं. काहींची डोकी फिरली आणि इंग्रजीला वेड लागण्यासाठी ‘डूलाली’ हा शब्द मिळाला. आमच्या गावाची जगाला देणगी! खोटं कशात मोजायचं, असं मला कोणी विचारलं, तर मी सांगेन: दुसऱ्या टोकाला कोणी वाट बघत बसलंय का, ते आधी बघा.

हे मी त्या संध्याकाळी फराळाला आलेल्या सुभेदारसाहेबांना ऐकवलं. शेजारचेच आहेत, तोफखान्यातून निवृत्त झालेले. करंजी संपेपर्यंत ते काही बोलले नाहीत.

“आमचं उलटं होतं बघा,” ते म्हणाले. “नव्याण्णव साली कारगिलला होतो. पत्त्यात गावाचं नाव नाही, नुसतं ‘५६ ए.पी.ओ.’ मी घरी लिहायचो, ‘इथं सगळं ठीक आहे, थंडी बेताची, जेवण चांगलं.’ एक अक्षर खरं नसायचं. पण पोस्ट खरं. पोचायचं.”

“मग काकू, तुम्ही फसलात की!” भाचा म्हणाला.

“मला कुठं खरं वाटायचं?” काकू म्हणाल्या. “आतलं मी नंतर वाचायची. आधी शिक्क्यावरची तारीख बघायची. त्या दिवशीपर्यंत होते, एवढं कळायचं.”

आणि त्या रिकामे कप गोळा करून आत गेल्या.