रंगाखालची चीर

वाळूजला 1985 साली बजाजचा कारखाना सुरू झाला आणि पुढं आजूबाजूच्या कितीतरी घरांत शेतीच्या जोडीला लोखंडकाम आलं. आमच्या अण्णांनीही गोठ्याशेजारी पत्र्याची शेड टाकली होती. एक वेल्डिंग मशीन, एक ड्रिल, एक चार इंची ग्राइंडर. शिफ्ट करून आले की संध्याकाळी नांगर-कुळवाची कामं चालायची.

जाड प्लेटमध्ये लांबट स्लॉट पाडायचा तर आधी दोन्ही टोकांना ड्रिलनं भोकं, मग मधे ग्राइंडरच्या दोन समांतर रेघा, शेवटी कानस. चकती गोल असते, ही खरी अडचण. 100 मिमीची चकती 12 मिमीच्या प्लेटमधून खाली जेमतेम डोकावते, तेव्हा वरची चीर 65 मिमी लांब झालेली असते. म्हणून टोकाच्या अलीकडंच थांबायचं आणि उरलेलं कानशीनं घासत बसायचं. घाई केली तर चीर भोकाच्या पुढं जाते. गोल भोक ताण वाटून घेतं. चीर तो एका जागी गोळा करते. प्लेट फाटते ती तिथूनच.

रांजणगावच्या एका मामांच्या ट्रॉलीच्या हुकाची प्लेट होती. मी घाई केली. चीर बोटभर पुढं गेली. वेल्डिंगनं भरली, घासून सपाट केली, वर रेड ऑक्साइड मारला. माझं मलाच ओळखू येईना.

अण्णांनी प्लेट उजेडात तिरपी धरली. "इथं काय झालं रे?"

"कुणाला दिसणार हाये अण्णा?"

"दिसत नाही, म्हणूनच इचारतोय."

मामा आले तेव्हा अण्णांनी स्वतः रंग खरवडून जागा दाखवली. मामांनी विचारलं, "चालंल का?" अण्णा म्हणाले, "चालंलही. पण उसानं भरलेली ट्रॉली चढावर असली आन् मागं कुणी सायकलवर असलं, तर माझ्यानं सांगवत नाही." नवी प्लेट आमच्या पदरची गेली.

तेव्हा मला वाटायचं, माझी चूक वेल्डिंग भरण्यात होती. आता तसं वाटत नाही. डागडुजी करूनच आपलं निम्मं जग चालतं. चूक रंगात होती. चीर माझी, पण धोका मामांचा आणि त्या सायकलवाल्याचा; आणि तो पत्करायचा की नाही, हे ठरवायची संधीच मी त्यांच्याकडून काढून घेतली होती. कारखान्यात तपासणारा माणूस वेगळा असतो. घरच्या शेडमध्ये तपासणारेही आपणच.

घरात प्लेटपुरते पैसे नसते तर अण्णांनी काय केलं असतं? नवी कदाचित दिली नसती. रंग मात्र खरवडलाच असता.