वाचलेला उजेड कुणाचा?

बुलढाणा जिल्ह्यातल्या आमच्या गावात सोडियमचे पिवळे दिवे जाऊन एलईडी आले. वीज कमी लागते म्हणून आणखी दिवे लागले. काही तर भर दुपारीही चालू! विल्यम जेव्हन्सने १८६५ मध्ये कोळशाबद्दल हेच मांडलं होतं: यंत्र काटकसरी झालं की वापर उलट वाढतो. आमच्या कोडमध्येही तेच. मेमरी स्वस्त झाली, अ‍ॅप फुगले.

पण मला बिलापेक्षा वाटप खुपतं. थ्री-फेज लाइन रात्रीची असली की हरभऱ्याला पाणी द्यायला माणूस बॅटरी घेऊन, सापाच्या भीतीनं काठी आपटत शेतात जातो. तेव्हा गावातला रिकामा चौक लख्ख असतो. मग सगळ्यांनी मिळून वाचवलेली वीज कुणाच्या वाट्याला जावी?

‘अंधार वाचवा’ म्हणणाऱ्यांना मी म्हणूनच चटकन टाळ्या देत नाही. पेंचचं मात्र पटतं. जानेवारी २०२४ मध्ये ते देशातलं पहिलं डार्क स्काय पार्क ठरलं. त्यासाठी आसपासच्या गावांतले शंभरावर दिवे बदलले. उजेड राहिला, झोत तेवढा जमिनीकडे वळला.

आमच्याकडे काकूंना पांदीच्या तोंडाशी एक दिवा हवाय. खांब कुठे रोवायचा ते ग्रामसभेत ठरतं. काकू तिथे मागे बसतात, पदर सावरत, गप्प.